तिथी, तारीख आणि नेम



दिवाळी सरली, इंद्रायणीकाठी पहाटेचा गारठा जाणवू लागला, की वारकरी मंडळी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात. “महाराज, यंदा आळंदीची एकादशी कोणत्या तारखेला?” पूर्वी हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. शेतकऱ्याला तिथी ठाऊक असे, त्याचे त्यावरच भागे. आता तारीख विचारणे भाग पडते, कारण रजा तारखेने मिळते, तिथीने मिळत नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. त्यानंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी करीत करीत कारखानदारी चाकणच्या माळापर्यंत येऊन पोहोचली. ज्या शिवारांतून दिंड्या जात, तेथे आता पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी चालते. त्या पाळ्यांतही आमचे माळकरी आहेत. टिळा पुसलेला नाही, माळ उतरलेली नाही. अडचण आहे ती फक्त रजेची.

अशाच एका तरुण माळकऱ्याने चाकण परिसरातील कीर्तनानंतर आम्हांस स्पष्टच विचारले. “महाराज, नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला. संक्रांत १४ जानेवारीला. त्यांची तारीख ठरलेली, म्हणून रजेचा अर्ज वर्षभर आधी करता येतो. आपल्याच तिथ्या का पळतात? आळंदीची एक तारीख नेमून टाकावी, नाहीतर जवळचा रविवार धरावा. देव काय तारीख बघतो?”

मंडळी, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. तेव्हा हा पूर्वपक्ष नीट मांडून त्याचे शास्त्रशुद्ध समाधान करणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम तिथी म्हणजे काय ते पाहू. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. अशा तीस तिथ्यांचा एक चांद्रमास. चंद्राची गती सारखी नसते, म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांवर जाते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा सामान्य नियम. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तिला आपण वृद्धी म्हणतो. एखादी एकही सूर्योदय पाहत नाही, तो क्षय. यात पंचांगकर्त्याची लहर मुळीच नाही. आकाशात जे घडते तेच तो कागदावर उतरवतो.

असे बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष सुमारे तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे. म्हणजे दर वर्षी अकरा दिवसांची तूट. आता आळंदीच्या कार्तिक वद्य एकादशीचेच पाहा. २०२४ साली ती २६ नोव्हेंबरला आली. २०२५ साली अकरा दिवस अलीकडे, १५ नोव्हेंबरला. असेच चालत राहिले तर काही वर्षांत कार्तिकी पावसाळ्यात येईल, आषाढी ऐन थंडीत. हिजरी सनात तूट भरून काढण्याची योजना नाही, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यांच्या धर्माची ती रीत आहे. आपल्या पूर्वजांनी मात्र अधिकमासाची सोय केली. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. एकोणीस वर्षांत असे सात अधिकमास येतात. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. म्हणून त्या वर्षीची आळंदीची एकादशी एकदम एकोणीस दिवस पुढे जाऊन ४ डिसेंबरला.

म्हणजे आपली तिथी पळते खरी, पण सुटून जात नाही. गाईच्या गळ्यातील दाव्याएवढीच तिची धाव. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती हिंडते आणि पुन्हा खुंट्यापाशी येते. तो खुंटा म्हणजे सूर्याची संक्रांत. चंद्राने दिवस द्यावा आणि सूर्याने ऋतू राखावा, अशी ही दोघांची वाटणी आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या परिसरातील थंडीचे उत्सव एकाच माळेत ओवलेले आहेत. माउलींच्या समाधीची कार्तिक वद्य त्रयोदशी. तिच्यापासून आठव्या तिथीला चंपाषष्ठी, त्या दिवशी खेड तालुक्यात निमगावच्या खंडोबाला भंडारा उधळतात. तेविसाव्या तिथीला मार्गशीर्ष वद्य षष्ठी, चिंचवडला मोरया गोसावींचा समाधी-उत्सव. पुढे माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगर, जी तुकोबारायांच्या गुरूपदेशाची तिथी. माळ पुढे सरकली तरी मण्यांतील अंतर कायम राहते. त्यातील एकच मणी ओढून रविवारी बांधला तर बाकीच्यांनी काय करावे?

आता पूर्वपक्षातील दुसरे म्हणणे, की संक्रांत तरी १४ जानेवारीची ठरलेली आहे ना? बाबांनो, तीही ठरलेली नाही. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला होती. २०२५ आणि २०२६ साली १४ तारखेला. सूर्य मकर राशीत शिरण्याचा क्षण दर वर्षी सुमारे सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जातो. चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस वाढला की तो मागे येतो. पण ते जादा नऊ-नऊ मिनिटांचे देणे पुरते फिटत नाही, साचत जाते. इंग्रजी कालगणनेतील लीप वर्षांचा सगळा हिशेब धरला तर सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे पडतो.

याची साक्ष हवी असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म पाहा. ते १८६३ साली मकरसंक्रांतीला जन्मले, आणि तारीख होती १२ जानेवारी. पानिपतचा घात १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, म्हणून ‘संक्रांत कोसळली ती संक्रांतीलाच’ असे लोक म्हणतात. पण आजच्या गणिताने मागे मोजत गेले तर त्या वर्षीचे मकरसंक्रमण १० जानेवारीच्या सुमारास पडते. आमच्या कोकणातील काही घरांत आजही टिळक पंचांग चालते. त्यात आकाशातील आरंभबिंदू वेगळा धरलेला असल्यामुळे त्यांची संक्रांत आपल्या चार दिवस आधी, १० जानेवारीच्या आसपास येते. लोकमान्यांनी हा पक्ष घेतला तो गणिताच्या आधारावर. त्यावर विद्वानांत वाद झाले, परिषदा भरल्या. परंतु तिळगूळ दोन्ही घरचा गोडच लागला.

संक्रांत हे उत्तरायणाचे पर्व, असे आपण म्हणतो. प्रत्यक्ष सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. मग संक्रांत चोवीस दिवस मागाहून का? कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे अयनाचा क्षण ताऱ्यांच्या मानाने मागे मागे सरकतो. ताऱ्यांवरून मोजावे ते निरयण, ऋतूवरून मोजावे ते सायन. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस दोन्ही एकत्र होती. माउलींनी समाधी घेतली तेव्हा त्यांच्यात सुमारे चौदा दिवसांचे अंतर पडले होते, आज ते चोवीस आहे. त्याहूनही मागे जा. लगधाच्या वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी आणि माघाच्या प्रतिपदेला सांगितले आहे. महाभारतात भीष्माचार्य शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहतात, आणि त्यांची तिथी आपण पाळतो ती माघ शुद्ध अष्टमी. म्हणजे एके काळी उत्तरायण आणि माघ यांची सांगड होती. आज डिसेंबरातच सूर्य वळतो, तेव्हा बहुधा मार्गशीर्ष नाहीतर पौष चालू असतो.

आणि नाताळ? त्याचीही कथा अशीच आहे. येशू ख्रिस्ताच्या जन्माची तारीख त्यांच्या मूळ ग्रंथांत दिलेली नाही. २५ डिसेंबरचा उल्लेख रोमच्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडतो. रोमन लोकांच्या जुन्या गणनेत हाच दिवस दक्षिणायन संपण्याचा मानलेला होता. म्हणजे त्यांचे नाताळ आणि आपली संक्रांत ही दोन्ही पर्वे सूर्य वळण्याच्या त्याच एका ठिकाणी उभी होती. पुढे दोघेही तेथून हलले, मात्र वेगवेगळ्या हिशेबाने. रोमनांचे वर्ष थोडे लांब होते, त्यामुळे चूक साचत गेली. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळून ती दुरुस्त केली. इंग्रजांनी ही दुरुस्ती १७५२ साली मानली, तोवर अकरा दिवस गाळावे लागले. रशियातील जुन्या पंथाच्या मंडळींनी धर्मकार्यात ती अजून मानलेली नाही, म्हणून त्यांचे नाताळ आजही ७ जानेवारीला येते. सांगायचे तात्पर्य, ज्या तारखेला आपण दगडावरची रेघ समजतो तीसुद्धा माणसांनी पुन्हा पुन्हा पुसून काढलेली आहे. तारीख स्थिर आणि तिथी चंचल, हा भ्रम प्रथम टाकावा.

आता कोणी म्हणेल, “महाराज, सगळेच सरकते, मग धरावे काय?” येथे मूळ सिद्धांत येतो, तो नीट ऐका.

नामाला तिथी नाही. माउलींनी हरिपाठात नामस्मरणाला काळवेळेचे बंधन ठेवलेले नाही, हे आपल्यातील लहान मूलही जाणते. यंत्रापाशी उभे असता, बसच्या रांगेत, रात्रपाळीच्या तीन वाजता, केव्हाही घ्यावे. मग नामालाच तिथी नाही तर वारीला तिथी कशाला? तर नाम एकट्याने घेता येते, पण वारी एकट्याने होत नाही. देवाला तिथी नको असेल; माणसाला माणूस भेटायला मात्र एक ठरलेला दिवस लागतो. मराठवाड्यातला वारकरी, कोकणातला वारकरी, खानदेशातला वारकरी, कोणाच्या भिंतीवर छापील कागद नव्हता, कोणाच्या मनगटावर घड्याळ नव्हते. सर्वांच्या डोक्यावर चंद्र मात्र एकच होता. तो पाहून सर्वांनी एकाच दिवशी इंद्रायणीवर यायचे, हा करार. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, त्या वर्षी माउलींनी समाधी घेतली. त्यानंतर सातशेहून अधिक वर्षे राजे बदलले, सन बदलले, फसली आला, इंग्रजी आला. १९५७ साली भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग आले. पण त्रयोदशीचा करार मोडला नाही, कारण तो कोणाच्या दप्तरात नव्हता. तो आकाशात होता.

वद्य त्रयोदशीचा चंद्र कधी पाहिला आहे काय? पहाटे उजाडण्यापूर्वी पूर्वेला बारीक कोर उगवते. दोन दिवसांनी ती दिसेनाशी होते. ज्याची रात्रपाळी सुटते आहे, जो फाटकातून बाहेर पडून कंपनीच्या बसकडे चालला आहे, त्याने मान वर करून त्या दिशेला पाहावे. त्या वेळी आळंदीत समाधीपाशी जमलेल्यांच्या डोक्यावर जी कोर आहे तीच त्याच्याही डोक्यावर आहे. रजा मिळाली नाही म्हणून तो त्या सोहळ्याबाहेर पडला, असे कोणी समजू नये. नामदेवरायांनी समाधीप्रसंगाचे जे वर्णन केले आहे त्यात साक्षात पांडुरंग तेथे आलेला आहे. जो पंढरी सोडून आळंदीस येतो, तो आळंदीहून चाकणच्या फाटकापर्यंत येणार नाही काय? अंतर ते किती!

मात्र याचा अर्थ असा नव्हे, की तिथी रविवारी सरकवावी. जो येऊ शकत नाही त्याला माफी आहे. पण दिवसच बदलला तर मग कोणाला कोठे यायचे तेच उरत नाही. आज रविवार म्हणाल, पण आपल्या औद्योगिक भागात तर अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. मग रविवार कोणाचा? पुण्याच्या कचेरीचा की भोसरीच्या कारखान्याचा? आणि तिथी कोणाचाच पक्षपात करीत नाही. परंपरा सांगते की माउलींच्या समाधीचा वार गुरुवार होता. २०२४ साली त्रयोदशी २८ नोव्हेंबरला आली, ती गुरुवारीच! कारखान्यातल्यांना सुट्टी मिळाली. २०२५ साली १७ नोव्हेंबर, सोमवार. २०२६ साली ६ डिसेंबर, रविवार. म्हणजे कचेरीवाल्यांची सोय. चंद्र फिरत फिरत प्रत्येकाच्या दारी येतो. एकच वार कायमचा नेमला तर कोणाची तरी कायमची पाळी चुकेल.

दोन एकादश्यांचा वादही येथेच मिटवू. सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे सुमारे दीड तास, तो अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्ध झाली असे मानून भागवत मंडळी दुसऱ्या दिवशी उपवास करतात. स्मार्त मंडळी पहिल्या दिवशी करतात. एकाच घरात सासू स्मार्त आणि सून वारकऱ्याची, म्हणून भगर दोनदा शिजते आणि भांडे एकदा वाजते! दोन्ही दिवस शास्त्रात आहेत. आपण आपल्या परंपरेची धरावी, दुसऱ्याची मोडू नये. उपवासाने जीभ आवरायची, ती भांडणासाठी मोकळी सोडायची नाही.

तसेच तुमच्या शेजारच्या यंत्रावर बिहारचा किंवा उत्तर प्रदेशाचा भाऊ उभा असतो. आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो त्याला तो मार्गशीर्षाचा कृष्णपक्ष म्हणतो, कारण त्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. चंद्र तोच, नाव निराळे. तो कार्तिक शुद्ध षष्ठीला छठ करतो, इंद्रायणीच्याच घाटावर मावळत्या सूर्याला अर्घ्य देतो. संक्रांतीला तो खिचडी खातो, तमिळ भाऊ पोंगल शिजवतो, आपण तिळगूळ वाटतो.

यातूनच आमची कामगार वारकऱ्यांना एक विनंती आहे, आणि आजच्या निरूपणाचे सार तेच आहे. सर्वांचे सण एका दिवशी येत नाहीत, ही अडचण नसून देवाने केलेली सोय आहे. छठच्या दिवशी बिहारी भावाची पाळी तुम्ही करा. २५ डिसेंबरला ख्रिस्ती भावाची करा. ईदला मुसलमान भावाची करा. मग त्रयोदशीला तुमची पाळी करायला ते उभे राहतील. पंचांग हाती येताच वर्षाच्या तिथ्या उतरून घ्या आणि वरिष्ठांपुढे आधीच ठेवा; आदल्या दिवशी रजा मागून रागावू नका. घरातले दोघे भाऊ कामावर असतील तर एका वर्षी एकाने जावे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने. ज्येष्ठ मंडळींनी, ज्याला येणे झाले नाही त्याला “वारी चुकवलीस” असे टोचून बोलू नये. त्याच्या घरी प्रसाद नेऊन द्यावा. आणि आमच्या माळकऱ्यांपैकी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी पाळ्यांचा तक्ता लावताना त्रयोदशी आठवावी, शेजाऱ्याची छठही आठवावी. तेही कीर्तनच आहे.

संक्रांत जवळ आली की फोनवरून भलतेच निरोप फिरू लागतात. संक्रांत अमुक वाहनावर बसून आली, तमुक रंग वाईट, एकुलता मुलगा असलेल्या आईने अमुक करावे. माउल्यांनो, सूर्य राशीतून राशीत जातो, तो कोणाच्या लेकरावर डोळा ठेवून जात नाही. ज्याच्या प्रकाशाने घरातली भाकरी पिकते त्याची भीती कसली धरता? ते निरोप पुढे पाठवू नका. त्याऐवजी शेजारणीला तिळगूळ द्या. वर्षभर बोलणे बंद असेल तर त्या दिवशी आधी आपण बोला. संक्रमण म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणे. सूर्य मकरेत जातो, आपण निदान शेजारच्या दारात जावे.

असो. तिथी सरकेल, तारीख सरकेल, हजारो वर्षांनी ऋतूही सरकतील. आपण नेम धरावा. जमेल त्याने आळंदीस यावे, न जमेल त्याने असेल तेथून हात जोडावेत, आणि ज्याला जाता आले त्याने न गेलेल्याचेही नाव समाधीपुढे घ्यावे.

रामकृष्णहरि.